हंगाम शेतकऱ्याचा, व्यवहार आपला

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त धाराशिव येथे झालेल्या सभेतील भाषण)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीनिमित्त मी चार शब्द बोलावेत, अशी विश्वस्तांची आज्ञा झाली. मी विद्वान नाही आणि वक्ताही नाही. १९८१ साली बी.कॉम. झालो आणि निकाल लागला त्याच आठवड्यात वडिलांच्या गादीवर बसलो. तेव्हापासूनचे सारे आयुष्य कापड मोजण्यात, फाडण्यात आणि वही लिहिण्यात गेले. त्यामुळे मी जे सांगेन ते दुकानदाराच्या नजरेतून सांगेन. विषय मीच निवडला आहे. आपल्या भोवतालचा शेतकरी आणि कारागीर यांच्याशी आपला वर्षभराचा व्यवहार कसा आहे आणि कसा असावा, एवढाच तो विषय आहे.

सुरुवात थोड्या अभिमानाच्या गोष्टीने करतो. आपल्या जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर नगरी. संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक प्रवाशाने समुद्री व्यापाराची जी माहिती लिहून ठेवली, त्या ‘पेरिप्लस’ ग्रंथात तगरचा उल्लेख आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे नगर असून तेथून साधे कापड, तलम मलमल आणि इतर प्रकारचे कापड गाड्यांत भरून बिकट वाटांनी भडोच बंदरास जात असे, असे त्यात नमूद आहे. तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात त्या वैभवाच्या खुणा आजही पाहावयास मिळतात. म्हणजे ज्या मुलखातून दोन हजार वर्षांपूर्वी कापड परदेशी जात होते, त्याच मुलखात बसून मी आज सुरतेचे आणि भिवंडीचे कापड विकतो! मी स्वतः त्या व्यवहारातला एक दुवा आहे, म्हणून हे तक्रारीच्या सुरात सांगत नाही. परंतु कापड पिकविणारा, विणणारा आणि नेसणारा ही माणसे पूर्वी एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होती, हे ध्यानात असू द्यावे.

माझ्या लहानपणी आमच्या दुकानात बार्शी आणि सोलापूरच्या गिरण्यांचा माल असे. मांजरपाट, धोतरजोड्या, चादरी आणि इरकली लुगडी यांचे तागे फडताळात रचलेले असत. दुकानाचे वर्ष पंचांगाप्रमाणे चाले, आणि ते पंचांग शेतकऱ्याचे असे. ज्येष्ठ-आषाढात दुकान ओस पडे, कारण सारा पैसा बी-बियाण्यात गुंतलेला. मूग-उडीद निघाले की पोळ्याच्या सुमारास थोडी हालचाल दिसे. दसरा-दिवाळीला घरटी एक तरी खरेदी होई. माघ-फाल्गुनात ज्वारीची सुगी झाली की मागील उधारी फिटे आणि वैशाखातील लग्नसराईसाठी नवी उधारी चढे. वडिलांच्या खतावणीत नावापुढे तारीख नसे, मुदत म्हणून एकच शब्द असे : ‘सुगीवर’.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. त्या साली सुगीच आली नाही. विहिरी आटल्या, जनावरे दावणीची सुटली, आणि चांगली चाळीस एकरांची जमीन असलेली माणसे खडी फोडावयास जाऊ लागली. रेशनवर मिळणारी तांबडी मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांवर कुटुंबे जगली. त्या वर्षी आमच्या दुकानातील उधारीचा आकडा एवढा फुगला, की सोलापूरच्या पेढीचे देणे भागविण्यासाठी आईच्या पाटल्या मोडाव्या लागल्या. तरीही दिवाळीत वडिलांनी प्रत्येक जुन्या खातेदारास घरातील एका बाईपुरते लुगडे दिले आणि वहीत तोच शब्द लिहिला.

पुढे पाऊसकाळ सुधारला आणि दोन-तीन वर्षांत बहुतेकांनी पै न् पै चुकती केली. कोणी रोख दिली, कोणी ज्वारीची पोती आणून टाकली. काही खाती मात्र कधीच फिटली नाहीत. मी बी.कॉम. होऊन आलो तेव्हा पुस्तकी ज्ञानाच्या भरात वडिलांना म्हणालो, “दादा, ही रक्कम बुडीत खाती टाकली पाहिजे.” ते शांतपणे म्हणाले, “बुडीत कशी? पन्नास वर्षे आपण त्यांच्या रानातली ज्वारी खातोय. ते खाते तुझ्या पुस्तकात कुठे लिहितोस?” त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. आजचे हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाला उत्तर देण्याचा उशिरा केलेला प्रयत्न आहे, असे समजा.

आता वडिलांची थोरवी सांगून झाल्यावर माझी स्वतःचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगताना मला संकोच वाटतो, पण क्षमावाणीच्या दिवशी आपण मनातल्या मनात जे म्हणतो ते एकदा उघड म्हणावे, या भावनेने सांगतो.

दरवर्षी दसऱ्यानंतर एक सणगर गृहस्थ आमच्या दुकानी वीस-पंचवीस घोंगड्यांचे गाठोडे घेऊन येत. आम्ही मुले त्यांना काका म्हणत असू. घोंगडी कशी होते हे मी त्यांच्याच तोंडून ऐकले. धनगरांकडून मेंढ्यांची कातरलेली लोकर आणायची, ती निवडून पिंजायची, घरातील बायकांनी कित्येक दिवस बसून तिचे सूत काढायचे, सुताला चिंचोक्याची खळ द्यायची आणि मग खड्ड्याच्या मागावर ती विणायची. अशी घोंगडी पावसात अंगावर घेता येते, थंडीत पांघरता येते, रात्री राखणीला गेल्यावर अंथरता येते. शेतकऱ्याच्या घरात ती वर्षानुवर्षे टिकते.

१९९६ च्या दिवाळीपूर्वी ते असेच आले. तोपर्यंत पानिपतच्या यंत्रमागावरील ब्लँकेटे बाजारात आली होती. रंगीत, मऊ आणि घोंगडीच्या निम्म्या किमतीला. मी त्यांच्यासमोर एक ब्लँकेट टाकले आणि म्हणालो, “काका, या भावात देत असाल तर ठेवून जा.” त्यांनी ते ब्लँकेट हातात घेतले, दोन बोटांत चोळून पाहिले, पुन्हा घडी घालून माझ्यापुढे ठेवले. प्यायला पाणी मागितले, गाठोडे बांधले आणि गेले. वाद घातला नाही की विनवणी केली नाही. त्यानंतर ते आमच्या पायरीवर कधी आले नाहीत, आणि खरे सांगायचे तर मलाही त्यांची आठवण झाली नाही. व्यापारी हिशेबाने मी काहीच चुकीचे केले नव्हते.

पुढे पंधरा-सोळा वर्षांनी आई अंथरुणाला खिळली. तिचे सांधे धरले होते. तिला अंगाखाली घोंगडी हवी होती. ती म्हणाली, “आपल्या दुकानातली आण एखादी.” मी त्या काकांच्या गावी गेलो. ते वारले होते. ज्या खड्ड्यावर माग होता तो बुजवून वर फरशी घातली होती. मुलगा पुण्यात एका कारखान्यात नोकरीस होता. त्यांच्या घरात मला चहा मिळाला, घोंगडी मिळाली नाही. खिशात पैसे होते, पण विकत घेण्याची वस्तूच उरली नव्हती. एक माग बंद पडण्यास एक दुकानदार कारण होत नाही, हे मला कळते. परंतु असे प्रत्येक दुकानदाराने म्हटल्यामुळेच ते माग बंद पडले, हेही कळते.

बंधू-भगिनींनो, या गोष्टीतून मी एक बोध घेतला. कारागिराला आणि शेतकऱ्याला आपली दया नको असते. त्याला गिऱ्हाईक हवे असते. तेही वेळेवर येणारे, योग्य भाव देणारे आणि पुढच्या वर्षी पुन्हा येणारे. आपला समाज दानशूर आहे, यात शंका नाही. परंतु दान आपण प्रसंगाने करतो, खरेदी मात्र रोज करतो. त्यामुळे आपल्या धर्माची खरी परीक्षा दानपेटीपाशी जेवढी होते, त्याहून अधिक ती तराजूपाशी होते.

आपल्या आचार्यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘हीनाधिकमानोन्मान’ म्हणजे घेताना एक माप आणि देताना दुसरे, आणि ‘प्रतिरूपकव्यवहार’ म्हणजे भेसळ करून एकाच्या जागी दुसरा माल देणे, या दोहोंचा स्पष्ट समावेश आहे. व्रताच्या विवेचनात थेट बाजारपेठेतील व्यवहाराचे नाव घेतलेले आहे! आता आपण स्वतःला विचारू या. मोंढ्यात शेतकऱ्याच्या पोत्यामागे ‘कडता’ म्हणून जे वजन कापले जाई, ते कोणत्या मापात बसते? ओलावा, मातेरे, नमुना अशी कारणे दाखवून भाव उतरविला जातो, तेव्हा त्यातले खरे किती आणि सवयीचे किती? आपल्यापैकी अनेकांची अडत आहे, अनेकांचे डाळीचे व किराण्याचे व्यवहार आहेत. मी कोणाकडे बोट दाखवीत नाही. कापड मोजताना गज ताणून धरण्याची कला कापडवाल्यांनाही अवगत होती.

आता प्रत्यक्ष परिस्थितीकडे वळू. आपल्या जिल्ह्यातील खरिपाचे मुख्य पीक आता सोयाबीन आहे. ते दसरा-दिवाळीच्या तोंडावर एकदम बाजारात येते आणि आले की भाव पडतो. २०२४-२५ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि २०२५-२६ साठी ५,३२८ रुपये. दोन्ही वर्षी काढणीच्या वेळी खुल्या बाजारातील भाव त्याहून बराच खाली राहिला. हमीभावाने खरेदी होते, पण तेथे ओलाव्याची अट असते. २०२४ मध्ये ती १२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली. दिवाळी तोंडावर, मुलांची फी बाकी, कृषी केंद्राची उधारी डोक्यावर, अशा स्थितीतील शेतकरी माल वाळवून थांबू शकत नाही. तो मिळेल त्या भावाला देऊन मोकळा होतो.

येथे एक उपयुक्त माहिती सांगतो, कारण ती आपल्याच ओळखीच्या अनेक शेतकऱ्यांना नाही. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला तर त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजाने मिळू शकते. भाव सुधारला की माल विकावा, कर्ज फेडावे. आपल्यातील जे बाजार समितीच्या व्यवहारात आहेत, त्यांनी ओळखीच्या दहा शेतकऱ्यांचे कागद करून दिले, तरी ते मोठे काम होईल. त्यासाठी पदरचा पैसा लागत नाही, एक दुपार लागते.

परंतु तारण योजना हा बाजाराचा उपाय झाला. आपल्या घरचा उपाय काय? येथे मी विशेषतः भगिनींना उद्देशून बोलतो, कारण घरातील बेगमीचे खाते त्यांच्याकडे आहे.

आपल्या ताटात कांदा, लसूण, बटाटा नाही. मग आपण शेतकऱ्याकडून घेणार काय, असा प्रश्न कोणी विनोदाने विचारील. उत्तर असे, की त्यामुळेच आपल्या घरात डाळी आणि कडधान्ये इतरांपेक्षा अधिक लागतात, आणि डाळी व कडधान्ये हेच तर आपल्या काळ्या रानाचे वैभव आहे! श्रावण-भाद्रपदात मूग आणि उडीद निघतो. पौषात तूर येते. माघ-फाल्गुनात हरभरा आणि करडई. त्याच सुमारास ज्वारी, आणि तीही मालदांडी, जिची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. चैत्रात चिंच फोडून वाळते. वर्षातील प्रत्येक दोन महिन्यांत असे काहीतरी निघते, जे आपल्याला हवेच असते. ते आपण पूर्वी खळ्यावरून घेत होतो. आता महिन्याच्या महिन्याला प्लास्टिकच्या पिशवीत घेतो. ती तूर आपल्याच जिल्ह्यातून कुठेतरी जाऊन, पॉलिश होऊन, नाव धारण करून परत आलेली असते.

एक साधा हिशेब मांडतो. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, आपल्या शंभर कुटुंबांनी प्रत्येकी एक क्विंटल ज्वारी थेट शेतकऱ्याकडून घेतली. शेतकऱ्याला मिळणारा भाव आणि आपण दुकानात देतो तो भाव यांत किलोमागे दहा रुपयांचे अंतर आहे, असे धरू. शंभर क्विंटलमागे ते एक लाख रुपये होतात. ती रक्कम निम्मी शेतकऱ्याने आणि निम्मी आपण वाटून घेतली, तरी कोणाचेही नुकसान नाही. शिवाय शेतकऱ्याला दसऱ्यातच, म्हणजे पेरणीच्या वेळी, आपली मागणी कळली तर तो घरच्यापुरती पेरावी की जास्त पेरावी हे ठरवू शकतो. ज्वारीचा पेरा वाढला तर कडबा वाढतो, कडबा असेल तर जनावर टिकते. ज्याला आपण जीवदया म्हणतो, तिची एक वाट अशी आपल्या भाकरीतूनही जाते.

पुष्कळ वेळा असा आक्षेप येतो, की शेतकऱ्याच्या मालात खडे असतात, निवडण्याचा त्रास होतो, आणि आताच्या सुनांना वेळ नाही. आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय असा, की निवडण्याचे आणि डाळ करण्याचे काम गावातील बचत गटाच्या महिलांना द्यावे आणि त्याची मजुरी निराळी द्यावी. आपल्या जिल्ह्याला या कामाची परंपरा आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने महिलांना संघटित केले. पुढे दुष्काळाला तोंड देण्यासाठी या महिलांनी घरच्या जमिनीतील एखादा एकर स्वतःकडे मागून घेतला, त्यात भाजी, डाळी, तृणधान्ये अशी मिश्र पिके घेतली, आधी घर जेवू घातले आणि उरलेले विकले. या कामाला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर’ पुरस्कार मिळाला. जगाने ज्यांची दखल घेतली, त्या भगिनी आपल्या बाजारात पाटी घेऊन बसतात आणि आपण त्यांच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करतो!

दुधाची गोष्टही अशीच आहे. भूम-परंडा-वाशी भागातील खवा सर्वदूर प्रसिद्ध आहे, आणि कुंथलगिरीच्या सिद्धक्षेत्री जाऊन आलेला यात्रेकरू पेढ्याचा पुडा घेतल्याशिवाय परतत नाही. कुलभूषण-देशभूषण मुनींच्या या पावन भूमीत आपण दर्शनास जातो तेव्हा वाटेवर भट्ट्यांचा धूर दिसतो. साधारण पाच लिटर म्हशीच्या दुधाचा एक किलो खवा पडतो. कोरडवाहू भागात, जेथे दूध ताजे विकण्याची सोय नव्हती, तेथे ते आटवून टिकविण्याची ही युक्ती लोकांनी काढली. हिवाळ्यात दूध वाढते आणि भाव उतरतो. सणात मागणी वाढते तेव्हा मात्र बाहेरचा भेसळीचा खवा शिरतो आणि खऱ्या भट्टीवाल्याचे नाव खराब होते. घरी तपासण्याची सोपी रीत आहे : थोडा खवा पाण्यात उकळून, थंड करून त्यावर आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. निळा रंग आला तर त्यात पिठूळ पदार्थाची भेसळ आहे असे समजावे. आपण एकाच विश्वासाच्या भट्टीवाल्याकडून वर्षभर घेतले, दिवाळीतच नव्हे तर पौषातही घेतले, तर त्याला भेसळीच्या स्पर्धेत उतरावे लागणार नाही.

आता थोडे मागील वर्षाविषयी. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या जिल्ह्यात जे घडले ते आपण सर्वांनी पाहिले. ज्या भूम-परंड्याला आपण टँकरचा प्रदेश म्हणून ओळखत होतो, तेथे माणसे पुराच्या पाण्यात अडकली. उभे सोयाबीन गेले, जनावरे दावणीलाच दगावली, आणि नदीकाठच्या शेतातील माती खरवडून निघाली. माती गेली म्हणजे एका हंगामाचे पीक गेले असे नसते, पुढील अनेक हंगामांची मुद्दलच गेलेली असते. त्या वेळी आपल्या समाजाने तत्परतेने मदत केली. धान्याचे संच आणि ब्लँकेटे वाटली. खरेदीची जबाबदारी माझ्याकडे होती. वेळ कमी होता, म्हणून मी एका मोठ्या शहरातील घाऊक व्यापाऱ्याकडून सर्व माल एकदम मागविला. बिल चोख होते, भावही वाजवी होता.

परंडा तालुक्यातील एका वस्तीवर वाटप करताना एका म्हाताऱ्या आजींनी पिशवी उघडून तूरडाळ हातात घेतली आणि हसून म्हणाल्या, “आमचीच तूर दिसतीया बाबा, लांब हिंडून आली.” सगळे हसले, मीही हसलो. परतीच्या वाटेवर गाडीत मात्र मला ते वाक्य पुरले. ज्या गावांत पूर आला नव्हता, तेथे घरोघरी ज्वारी आणि डाळ होती. त्यांच्याकडून ती घेतली असती, दळायला-भरायला तेथील बायका लावल्या असत्या, तर आपल्या त्याच रकमेने दोन घरे सावरली असती. घेणाऱ्याचे एक आणि देणाऱ्याचे एक. आपण दान अचूक केले, पण खरेदी विचार न करता केली. सणगर काकांच्या वेळी जी चूक मी तीस वर्षांपूर्वी केली, तीच मी पुन्हा केली होती, फक्त या वेळी ती धर्मकार्यात केली.

म्हणून आज सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी विश्वस्त मंडळापुढे मी काही नम्र सूचना ठेवतो.

पहिली, संस्थेच्या भोजनशाळेसाठी लागणारे धान्य, डाळी आणि गूळ दरवर्षी सुगीच्या वेळी जिल्ह्यातील शेतकऱ्यांकडून थेट घ्यावे. मागणी दसऱ्याला कळवावी आणि माल आला त्याच दिवशी रोख चुकती करावी. उधारी देणे हा आपल्या वडिलांचा मोठेपणा होता. शेतकऱ्याची उधारी ठेवणे हा मोठेपणा नव्हे.

दुसरी, वजन संस्थेच्या काट्यावर दोघांच्या समक्ष व्हावे आणि त्यातून काहीही कापू नये.

तिसरी सूचना माझ्याच अंगावर येणारी आहे. आज मान्यवरांच्या सत्कारासाठी ज्या शाली आणल्या, त्या माझ्या दुकानातून आल्या आणि माझ्या दुकानात त्या परराज्यातून आल्या. पुढील वर्षापासून सत्कारासाठी सोलापूरच्या चादरी, हातमागाचे पंचे किंवा जेथे अजून माग चालू आहे तेथील घोंगडी द्यावी. मी ती मूळ भावात आणून देईन. माझ्या दुकानातील दर्शनी भागात अशा मालाचे एक फडताळ या पाडव्यापासून ठेवीत आहे. त्यावर नफा घेणार नाही, असे मात्र म्हणणार नाही. नफा घेईन, कारण ज्या वस्तूत दुकानदाराला नफा नाही ती फडताळात फार दिवस राहत नाही. मात्र विणकराने सांगितलेला भाव तोडणार नाही.

चौथी, आपत्तीच्या वेळी मदतीची खरेदी शक्य तेवढी शेजारच्या गावांतून करावी, आणि पहिल्या आठवड्याच्या शिधावाटपानंतर काही रक्कम रब्बीच्या बियाण्यासाठी व शेतातील माती भरण्यासाठी राखून ठेवावी. पोटाला आठ दिवस लागतात, शेत उभे राहण्यास दोन वर्षे लागतात.

आणि शेवटची गोष्ट, ही सूचना नव्हे, आग्रह आहे. मार्गशीर्षाच्या अमावास्येला आपल्या भागात वेळा अमावास्या, आपली येळवस, साजरी होते. त्या दिवशी शहरे ओस पडतात आणि रानांत माणसांचा मेळा भरतो. कडब्याची खोप, तिच्यात मांडलेली पूजा, आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. लहानपणी आम्हाला चार-चार शेतांतून बोलावणे येई. आम्ही जैन म्हणून घरमालकीण आमच्यासाठी बिनलसणाची आंबील वेगळ्या मडक्यात काढून ठेवी आणि दिवस मावळण्याच्या आत आमची पंगत बसवी. आपला नियम त्या माउलीने न सांगता पाळला. दुकानदाराला उधारी देणारा म्हणून बोलावले जात नसे. घरचा माणूस म्हणून बोलावले जाई.

गेल्या येळवशीला मी मोजले. आम्हाला बोलावणे एकाच घरून आले, आणि ते घर १९७२ सालच्या त्या न फिटलेल्या खात्यांपैकी एक आहे. त्या आजोबांचा नातू आता शेती करतो. त्याला त्या खात्याची कल्पना नाही आणि मी ती दिली नाही. जेवण झाल्यावर त्याने हरभऱ्याचा डहाळा आणि पायलीभर मूग आमच्या गाडीत टाकला. पैसे विचारले तर म्हणाला, “आजच्या दिवशी नाय घेत.” मग मी त्याला म्हणालो, “मग फाल्गुनात दोन क्विंटल ज्वारी माझ्या नावावर ठेव. भाव तू सांग.” तो म्हणाला, “ठेवतो की. लिहून घेऊ का?” मी म्हणालो, “लिही. सुगीवर.”

वडिलांच्या वहीतला तो शब्द आता त्याच्या वहीत आहे आणि देणे माझ्याकडे आहे. तसेच असावयास हवे, असे मला वाटते. पुढच्या येळवशीला आपण सर्वांनी मुला-नातवंडांसह कोणा तरी शेतकऱ्याच्या रानात जावे आणि येताना वर्षाच्या धान्याचा शब्द देऊन यावे, एवढीच विनंती.